हात कुठे थांबवायचा

लग्न महिन्यावर आलं की मुलगी पार्लरमध्ये येते, मानेवर बोट ठेवते आणि म्हणते, "ताई, एवढं काळं काढून द्या." मानेच्या घडीत किंचित जाड झालेला, हाताला मऊ लागणारा काळपट पट्टा असतो. सोबत आलेल्या आईचं म्हणणं असतं की पोरगी नीट घासत नाही म्हणून मळ बसलाय. पार्लरवाली स्क्रब करते, ब्लीच लावते, वर डी-टॅन पॅक देते. दोन दिवस मान उजळ वाटते. आठवड्यात पट्टा परत येतो आणि घासाघाशीमुळे आधीपेक्षा गडद होतो.

तो मळ नसतो. बऱ्याच वेळा ती शरीराला इन्सुलिन नीट लागू पडत नसल्याची खूण असते. वैद्यकात तिला 'ॲकॅन्थोसिस नायग्रिकन्स' म्हणतात. त्याच मुलीच्या हनुवटीवर राठ केस असतील, पाळी पुढेमागे होत असेल, वजन वाढत असेल, तर तिला स्क्रबची नव्हे, रक्तातली साखर तपासून घेण्याची आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला भेटण्याची गरज असते. हे सांगायला दोन मिनिटं पुरतात, पण त्याचे पैसे मिळत नाहीत. घासण्याचे मिळतात. हे पुस्तक या पेचासाठी लिहिलं आहे.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत पार्लर कुठे नाही? बारामतीत भिगवण रस्त्याला काचेच्या दारांची, एसीची पार्लरं आहेत. एमआयडीसीत आणि टेक्स्टाइल पार्कात कामाला जाणाऱ्या मुली सुटीच्या दिवशी तिथे रांग लावतात. वालचंदनगरच्या वसाहतीत, भवानीनगरला कारखान्याच्या आसपास, निमगाव केतकीत, भिगवणला घराच्या पुढच्या खोलीत पडदा लावून, एक आरसा आणि एक फिरती खुर्ची मांडून धंदा चालतो. चालवणारीचं शिक्षण कुठे झालं म्हणाल, तर एखादीने आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजी केलेलं असतं, एखादीने बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार संस्थेतला महिनाभराचा कोर्स केलेला असतो. उरलेल्या बहुतेकजणी चुलतबहिणीच्या हाताखाली किंवा मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शिकलेल्या असतात. हात सगळ्यांचा चालतो. आयब्रोचा आकार देण्यात आमच्या गावच्या मुली पुण्याच्या तोडीस तोड आहेत. कमी पडतं ते हाताखालच्या कातडीचं ज्ञान. ते शिकवणारं मराठीतलं पुस्तक शोधायला गेलं तर 'घरगुती सौंदर्य टिप्स'च्या पुढे फारसं काही सापडत नाही.

आणि इथली कातडी पुस्तकी नाही. हा पर्जन्यछायेचा पट्टा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. कालव्याच्या बागायतीत बाया दिवसभर उसात असतात आणि पात्याने हात-मान चिरून घेतात. द्राक्षबागेत छाटणीनंतर काड्यांना लावायच्या रसायनाने बोटं भाजतात. सुप्या-मोरगावकडच्या जिरायत भागात बोअरचं जड पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही म्हणून लोक जास्त चोळतात आणि कातडी आणखी कोरडी पडते. पावसाळ्यात पायाच्या बोटांत चिखल्या होतात. अशा पायांचं पेडिक्युअर ज्या टबमध्ये केलं, तो टब निर्जंतुक न करता, न धुता त्यात पुढच्या बाईचे पाय बुडवले की बुरशीची वाटणी झालीच. बांधाबांधावर माजलेलं गाजरगवत आहे ते वेगळंच. हे तण भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यात, 1950च्या दशकात, आणि त्याच्या ॲलर्जीने चेहरा-मान काळवंडून जाड झालेले पुण्याच्या परिसरातले रुग्ण 1970च्या दशकातच वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले. पापण्या, कानामागची जागा, मानेचा पुढचा भाग, कोपराची घडी असं सगळं खाजतंय आणि काळं पडलंय, अशी बाई समोर बसली तर ते 'टॅनिंग' नव्हे. तिच्या चेहऱ्यावर ब्लीच लावणं म्हणजे आगीत तेल.

मागे वळून पाहिलं तर कातडीची निगा आपल्याकडे दोन वाटांनी चालत आली. एक ग्रंथांची. चरकसंहितेत वर्ण सुधारणाऱ्या द्रव्यांचा 'वर्ण्य' असा स्वतंत्र गट आहे. त्यात चंदन, वाळा, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, सारिवा येतात. सुश्रुताने क्षुद्ररोगांमध्ये 'व्यंग' आणि 'मुखदूषिका' सांगितल्या, म्हणजे आपला वांग आणि तारुण्यपीटिका. दुसरी वाट घरातली: दिवाळीचं उटणं, डाळीचं पीठ, साय-हळद, बाळंतिणीचं तेल लावणं. या दुसऱ्या वाटेवर बाईच्या अंगाला हात लावणारी माणसं ठरलेली होती. सुईण, बांगड्या भरणारी कासारीण, गोंदणारी. त्यांच्यापाशी बायका घरात बोलता न येणाऱ्या गोष्टी बोलत. आज तो वारसा, कुणी कबूल करो न करो, पार्लरवालीकडे आला आहे. डोळे मिटून, मान मागे टाकून पडलेली बाई तिला सांगते ते डॉक्टरलाही सांगत नाही.

बाजार आला तो विसाव्या शतकात. मुंबईत पाटणवालांनी 'अफगाण स्नो' काढला. 1952 साली टाटांनी 'लॅक्मे' सुरू केली आणि पुढे सिमोन टाटांनी ती वाढवली. त्याच वर्षी केशव पेंढारकरांनी परळमध्ये 'विको'ची सुरुवात केली. विकोची गोष्ट आमच्या धंद्यातल्या प्रत्येकीला ठाऊक असायला हवी, कारण त्यांची हळदीची क्रीम औषध की प्रसाधन, यावर अबकारी कर खात्याशी अनेक वर्षं कज्जा चालला आणि कंपनीने तो जिंकला. ट्यूबमधलं मलम औषध की सौंदर्यप्रसाधन, हा प्रश्न वकिली काथ्याकूट वाटतो खरा. पण आजही पार्लरमधली अर्धी संकटं ही रेघ न ओळखल्यामुळेच ओढवतात. 1970च्या दशकात शहनाझ हुसेन यांनी 'हर्बल' पार्लर प्रतिष्ठेचं केलं. मग शहरांत क्लास निघाले आणि त्या क्लासांतून शिकलेल्या मुली लग्न होऊन तालुक्याच्या गावी आल्या. आमच्या भागातली पहिली पार्लरं बहुतेक अशीच सासरी आलेल्या सुनांनी काढली.

आज या क्षेत्रात चार-पाच घराणी एकमेकांत मिसळून नांदतात. युरोपीय परंपरा मसाज, वाफ, मास्क यांची ठरलेली क्रमवारी पाळते. तिच्या 'सिडेस्को' या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना 1946ची. आयुर्वेदाच्या नावाने चालणारं दुसरं. त्यात खरे जाणकार आहेत आणि डबीवर पान छापलं की झालं आयुर्वेदिक, असं मानणारेही भरपूर. तिसरं ॲसिड आणि यंत्रांचं. ग्लायकोलिक ॲसिडची पिल, हायड्रा मशीन अशी साधनं डॉक्टरांच्या दवाखान्यातून पार्लरमध्ये उतरली, पण सोबत डॉक्टर उतरले नाहीत. कोरियातून आलेलं दहा थरांचं प्रकरण मुली मोबाईलवर बघून मागतात. त्याबद्दल एवढंच सांगते की दुसऱ्या हवेसाठी बेतलेला क्रम इंदापूरच्या उन्हात जसाच्या तसा चालत नाही.

माझा कल पाचव्या घराण्याकडे आहे, आणि हे पुस्तकही त्याच बाजूने झुकलेलं आहे. ते म्हणतं, आधी कातडीचा बाहेरचा थर सांभाळा. अमेरिकेतले त्वचाशास्त्रज्ञ पीटर इलायस यांनी या थराला विटांच्या भिंतीची उपमा दिली. मेलेल्या पेशी म्हणजे विटा, मधली चरबी म्हणजे चुना. भिंत शाबूत तर आतलं पाणी आत, बाहेरचा त्रास बाहेर. हा थर साधारण महिनाभरात नवा होत राहतो. आता महिन्यात एक ब्लीच, एक स्क्रब, एक पिल, वर रोज फेसवॉश असा मारा झाला तर चुना टिकेल कसा? गिऱ्हाईक म्हणतं, "काहीही लावलं तरी जळजळतं." मग पार्लरवाली 'सेन्सिटिव्ह स्किन'चं किट काढते. खरं तर काही न लावण्याचे तीन-चार आठवडे, साधं मॉइश्चरायझर आणि ऊन टाळणं हा तिथे उपाय असतो. तो विकता येत नाही.

गोऱ्या कातडीवर तयार झालेली शिकवण आपण डोळे झाकून घेतो, हीसुद्धा अडचण आहे. त्वचेचे प्रकार सांगणारी फिट्झपॅट्रिक यांची मोजपट्टी 1975ची. ती मुळात गोऱ्या लोकांना अतिनील उपचाराची मात्रा ठरवता यावी म्हणून केली होती. सावळ्या-काळ्या रंगांचे पाचवा-सहावा प्रकार तिला नंतर जोडले गेले. आपल्याकडची बहुतेक माणसं चौथ्या-पाचव्यात बसतात. या कातडीला उन्हाने चटकन फोड येत नाहीत, पण कुठलीही इजा झाली की ती मागे काळा डाग ठेवते. पिंपल फोडली, डाग. वॅक्स जास्त गरम लागला, डाग. पिल दोन मिनिटं जास्त राहिली, डाग, तोही सहा-सहा महिने. म्हणून परदेशी व्हिडिओत जे बेधडक करतात ते इथे हात राखून करायचं असतं.

त्याच 1975 साली आणखी दोन गोष्टी घडल्या. 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली. तिने 'फेअर' हा शब्द टाकला तो 2020 साली. आणि अमेरिकेत आल्बर्ट क्लिगमन यांनी सहकाऱ्यासह डाग फिके करणारं एक मिश्रण जाहीर केलं, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, तिन्ही एकत्र. वांगावर, मोजक्या काळापुरतं, डॉक्टरच्या नजरेखाली वापरायचं ते औषध होतं आणि आहे. (हेच क्लिगमन फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग करत होते. कातडीच्या शास्त्राचा इतिहास काही फार उजळ नाही.) त्या मिश्रणाची नाती-पणती भारतात औषधाच्या दुकानात चिठ्ठीविना मिळू लागली आणि तिथून पार्लरच्या ड्रॉवरमध्ये आली. गावोगाव तिला 'फॉर्म्युला क्रीम' किंवा 'डॉक्टरवाली क्रीम' म्हणतात. पंधरा दिवसांत चेहरा गोरा दिसतो, पार्लरचं नाव होतं. मग कातडी पातळ पडते, गालावर लाल शिरांचं जाळं दिसू लागतं, पुटकुळ्या येतात, लव वाढते. बंद केली की चेहरा भडकतो, म्हणून बाई पुन्हा तीच मागते. 2011 साली देशभरातल्या त्वचारोग विभागांचा एक एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण स्टेरॉइड मलम लावत होते आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं. त्या 'कुणीतरी'त आपण आहोत. 2018 साली केंद्र सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ड्रॉवर मात्र पुरते रिकामे झालेले नाहीत.

दुसरा धोका पाऱ्याचा. अकोल्यातल्या एका घरातल्या आई आणि मुलींच्या मूत्रपिंडांना सूज आल्याचं प्रकरण 2023च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आलं. शोध घेता घेता धागा पोचला तो स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेल्या गोरेपणाच्या क्रीमपर्यंत, आणि क्रीममध्ये पारा निघाला. 2020च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे क्रीममध्ये पारा घालताच येत नाही. नकळत राहिला तर दशलक्षात एक भाग, एवढीच सूट आहे. आता ही क्रीम ज्या बाईने विकली ती खुनशी होती का? मुळीच नाही. तिने होलसेलवाल्याने दिलेली डबी पुढे दिली. डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि एक्स्पायरी, परदेशी असेल तर आयातीचा नोंदणी क्रमांक, एवढं बघायचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पुण्याच्या रविवार पेठेतून माल भरून संध्याकाळची एसटी पकडायच्या घाईत ते राहून जातं. पुस्तकात लेबल वाचण्याला म्हणूनच भरपूर जागा दिली आहे.

थ्रेडिंगचा दोरा हा दिसायला किरकोळ विषय, पण मला तो सगळ्यात मोठा वाटतो. दोऱ्याचं एक टोक दातात धरायचं, बाकी बोटांवर पिळायचं, अशीच आपल्याकडची रीत. म्हणजे आपली लाळ दोऱ्यावरून गिऱ्हाइकाच्या भुवईपर्यंत. भुवईची कातडी तर खेचण्याने बारीक सोललेलीच असते. एका गिऱ्हाइकाच्या कपाळावर चपट्या चामखिळी असतील आणि तोच दोरा, तेच न धुतलेले हात दुसरीला लागले, तर महिन्या-दोन महिन्यांनी तिच्या भुवईत चामखिळींची रांग उठते. उपाय फुकटातला आहे. दोरा गळ्यात अडकवून काम करायचं, प्रत्येकीला नवा तुकडा घ्यायचा आणि मध्ये हात धुवायचे. सवय मोडायला आठवडा जातो, तेवढे दिवस आकार थोडा चुकतो.

कपाळावर टिकलीच्या जागी पडणारा पांढरा डाग आपल्याकडे पटकन 'कोड' ठरतो आणि मुलीचं लग्न अडतं. तो कित्येकदा टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने पडलेला असतो. टिकली बंद करणं आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवणं, एवढं पार्लरवालीने वेळेवर सांगितलं तर घरातलं रडगाणं थांबतं. पाठीवर वॅक्स करताना फिका डाग दिसला आणि तिथे बाईला चटकाच कळला नाही, तर शंका कुष्ठरोगाची. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, वेळेत घेतलं तर व्यंग राहत नाही. बारामतीत 2019पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याआधीपासून सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे. पाठवायला जागा नाही, ही सबब आता चालायची नाही. पण पाठवायचं कसं, हे शिकावं लागतं. "तुम्हाला काहीतरी भयंकर झालंय" असं म्हटलं की बाई परत येत नाही, आणि दवाखान्यातही जात नाही.

आता धंद्याविषयी. टिकाऊ धंदा म्हटलं की हल्ली बांबूचे ब्रश आणि कागदी पिशव्या डोळ्यांपुढे येतात. आमच्याकडे टिकाऊ म्हणजे आधी पुढच्या वर्षी सुरू असलेला धंदा. इथला पैसा उसाच्या बिलाबरोबर येतो. गाळप सुरू झालं, बिल निघालं, लग्नसराई आली की पार्लरला बसायला जागा नसते. आषाढात तुकोबांची पालखी इंदापूर ओलांडून गेली की सगळीकडे सामसूम. मधल्या महिन्यांत उधारी. उधारी मागायची कुणाकडे, तर नणंदेच्या जावेकडे. तालुक्याच्या गावात नवीन गिऱ्हाईक रोज उगवत नाही. ज्या मुलीची पहिली आयब्रो केली तिचीच वधूची तयारी, मग तिच्या बाळाच्या बारशाची. एकीचा चेहरा बिघडला की अख्ख्या भावकीला कळतं. म्हणून 'हे मी करणार नाही' असं सांगण्यात आजचे पाचशे जातात आणि पुढची वीस वर्षं राहतात, हा माझा हिशेब आहे. तो नुसता नीतीचा नाही.

रुपयांचा हिशेबही एकदा मांडून बघावा. समजा फेशियल 700 रुपयांचं. किटमधला वाटा 160, कापूस-टिश्यू आणि टॉवेल धुणं 30, वीज आणि जागा 80. उरले 430. ओळखीची म्हणून शंभर सोडले की 330, आणि गेला सवा तास. त्याच सवा तासात 50 रुपयांप्रमाणे सात आयब्रो झाल्या तर 350 आणि खर्च दोऱ्याचा. मग फेशियल करूच नये का? करावं, पण किंमत आणि सूट डोळे उघडे ठेवून ठरवावी. बहुतेकजणी वर्षभर मर मर मरतात आणि पैसा कुठे गेला हे त्यांना कळत नाही, कारण घरखर्च आणि गल्ला एकाच डब्यात असतो. कामगार थोडे असतील तर शॉप ॲक्टखाली नुसती ऑनलाइन सूचना पुरते. 'उद्यम' नोंदणी फुकट होते. मुद्रा योजनेत शिशू गटात 50 हजारांपर्यंत कर्ज मिळतं. सप्टेंबर 2025मध्ये पार्लरच्या सेवांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तोही वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली तरच भरायचा. हे कागद न केल्यामुळे बायका बचत गटाच्या पलीकडे कर्जाला जात नाहीत आणि खुर्च्यांची संख्या एकाची दोन होत नाही.

पर्यावरणाची बाजू याच हिशेबात शिरते, वेगळी काढावी लागत नाही. साखर, लिंबू आणि पाण्याचा घरी केलेला वॅक्स साखर कारखान्यांच्या या मुलखात स्वस्त पडतो, पाण्याने धुऊन निघतो आणि जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या उकळून पुन्हा वापरता येतात. टँकरच्या गावात हेअर स्पा घेताना पाणी मोजूनच घ्यावं लागतं. ब्लेड आणि सुया मात्र पुन्हा वापरायच्या नाहीत, तिथे काटकसर करायची नाही, आणि ओल्या कचऱ्यात टाकून घंटागाडीवाल्याचा हातही कापायचा नाही.

हे पुस्तक कुणाला त्वचारोगतज्ज्ञ करणार नाही. लेझर, सुईचे उपचार, सलाईनमधून 'ग्लो' देणं यांची कृती यात मुद्दाम दिलेली नाही. ती डॉक्टरांची कामं आहेत आणि पार्लरमध्ये ती शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या कार्यशाळांना मी विरोध करत आले आहे. वधूच्या मेकअपवरही प्रकरण नाही, कारण त्यात आमच्या मुलींना शिकवण्यासारखं माझ्यापाशी काही नाही. आहे ते असं की कातडी वाचायची कशी, कोणत्या खुणेला हात आवरायचा, डबीवरचं बारीक अक्षर काय सांगतं, आणि महिन्याच्या शेवटी हातात काय उरलं हे कसं शोधायचं. दर कुठेही छापलेले नाहीत, भिगवण रस्त्याचा दर निमगाव केतकीला चालणार नाही म्हणून. शेवटी गिऱ्हाइकाच्या नोंदीचा एक कोरा तक्ता आहे. त्यात नाव, ॲलर्जी, चालू औषधं, घरी लावत असलेली क्रीम आणि डायच्या 48 तास आधी कानामागे घेतलेल्या चाचणीचा निकाल लिहायचा. त्याच्या झेरॉक्स काढून घ्याव्यात. 'घरी लावत असलेली क्रीम' हा रकाना भरताना बाई आढेवेढे घेईल, तेव्हा तिला डबीचा फोटो पाठवायला सांगावं.